सालीतलं केळं

हरेश्वर गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. सकाळचे सात-सव्वासात झाले असतील. कुंदावहिनी, म्हणजे त्याची बायको, इतक्या शांत आवाजात बोलल्या की मला आधी वाटलं, औषधाबद्दल काहीतरी विचारायचं असेल. "भावजी, हे गेले. पहाटेच. तुम्ही या." मी "येतो" म्हटलं, फोन ठेवला आणि राहिलेला चहा गाळत बसलो. बायको, रत्ना, दारात येऊन उभी राहिली होती. "कोण?" "हऱ्या." तिनं माझ्या हातातली गाळणी काढून घेतली. थोड्या वेळानं तिनं जे विचारलं, ते आज सहा आठवड्यांनीही माझ्या कानात आहे. तिनं विचारलं, "आज वार कोणता हो?"

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं असं म्हणतात. मलाही तेच करायचं होतं. तीन वेळा बसलो आणि तीन वेळा कागद फाडले, कारण जे लिहिलं ते वाचून हऱ्याच हसला असता. "काय रे गौत्या, मी काय संत होतो काय?" असं म्हणाला असता. तो संत नव्हता. तो माझा सर्वांत जवळचा मित्र होता, आणि त्यानं माझ्याशी एक गोष्ट अशी केली की ती मी त्याला चाळीस वर्षांत माफ केली नाही. दोन्ही खरं आहे. आता दोन्ही लिहितो.

आम्ही मुलुंडच्या एका कारखान्यात एकाच आठवड्यात लागलो. तो लेथवर, मी ग्राइंडिंगला. मी मराठवाड्यातून आलेला, बौद्ध घरातला, मोजूनमापून बोलणारा. तो मुलुंडच्याच, खाडीच्या अंगाला असलेल्या कोळीवाड्यातला. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून गाणारा, फोरमनलाही "काय शेठ" म्हणणारा. पहिल्याच महिन्यात तो मला घरी घेऊन गेला. त्याची आई, तिला सगळे आये म्हणत, बाजारात कोळंबी विकून नुकतीच आली होती. तिनं मला नाव विचारलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं. आडनावानंतर क्षणभर थांबली, मग ताट वाढलं. चिंबोरीचा, म्हणजे खेकड्याचा, रस्सा, तांदळाची भाकर. मी संकोचलो तर म्हणाली, "अरे घे रं पोरा, लाजतंस कनाला?" हऱ्यानं माझ्या ताटातला चिंबोरीचा नांगा उचलून स्वतःच्या दातानं फोडला आणि परत माझ्या ताटात टाकला. मी गावाकडचा माणूस. असल्या गोष्टी माझ्या नजरेतून सुटत नाहीत. त्या रात्री मी आईला पत्र लिहिलं की मुंबई वेगळी आहे.

वर्षभरानं मला घाटकोपरच्या डोंगरावर खोली मिळाली. आमच्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असे, म्हणून सामान गुरुवारी हलवायचं ठरलं. सकाळी हऱ्या आला. नाक्यावरच्या गाडीवर आम्ही दोघांनी ऑम्लेट-पाव खाल्ला, त्यानं दोन खाल्ले, आणि मग माझी लोखंडी पेटी एकट्यानं डोक्यावर घेऊन तो डोंगर चढला. वर आई गावाहून कायमची राहायला आलेली होती. तिनं भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली, मेणबत्ती पेटवली, वंदना म्हटली. हऱ्या मागं हात जोडून उभा होता. मग तिनं चूल पेटवली. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, कोंबडीचा रस्सा. मुलाच्या मुंबईतल्या पहिल्या पाहुण्यासाठी तिनं गावाहून भाजक्या डाळी-मसाल्यांचं येसर दळून आणलं होतं. ताट समोर आलं आणि हऱ्या म्हणाला, "नको मावशी. आज गुरुवार ना. दत्ताचा उपवास असतो माझा."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्याच्या मिशीला अजून ऑम्लेटमधली मिरची लागलेली असावी असं मला उगाच वाटलं. तो माझ्याकडे बघेना. आईनं काही न बोलता ताट उचललं. तो गेल्यावर मी भडकलो. "आई, सकाळी दोन ऑम्लेट खाल्लीत त्यानं." आई भांडी घासत होती. "मला कळत नाय का?" म्हणाली. "चाळीस वर्सं हेच तर बघत आले. पाहुणा उपाशी जाऊ नये, एवढंच माझ्या हातात हाय." पुढच्या वेळी तो आला, तोही गुरुवारीच, तेव्हा तिनं खाली जाऊन डझनभर केळी आणून ठेवली होती. त्यातलं एक त्याच्या हातात देत म्हणाली, "केळं तरी घ्या लेकरा. सालीतलं हाय. चालतंय." हऱ्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. आमच्या गावात वरच्या आळीतल्या बाया आमच्या हातून नारळ घ्यायच्या, केळं घ्यायच्या, कारण आत आमचा हात लागलेला नसे. आपल्याला सगळं कळलंय हे आईनं त्याला त्या केळ्यातून सांगितलं होतं, आणि तरीही खाऊ घातलं होतं. त्यानं खाली मान घालून ते केळं खाल्लं.

तेव्हापासून हे सुरू झालं ते जवळजवळ तीस वर्षं चाललं. तो दीड-दोन महिन्यांनी यायचा, गुरुवारीच यायचा. माझ्या लग्नात तो मांडवात राबला, पण लग्न ठरवताना माझ्या कानाशी लागून गुरुवारचंच घ्यायला लावलं. मुलीच्या तापात त्यानं रात्रंदिवस धावपळ केली. आणि मी त्याच्या घरी जेवतच राहिलो. आये वाढायची, मी खायचो, आणि प्रत्येक घासाला मनात विचार यायचा, की आज विचारू... आज विचारू. विचारलं नाही. मित्र एकच होता, तो गमावायची भीती वाटायची. शिवाय माझाही अभिमान होता. माझ्या घरी जेव, असं मी का म्हणून मागायचं? कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तो माझ्या शेजारी बसून सगळं खायचा. तिथल्या आचाऱ्याची जात त्यानं कधी विचारली नाही. मला वाटायचं, आमच्याकडून केळं खाऊन हा घरी जातो आणि बोंबील हादडतो. पुढं कारखाना बंद पडला. तेव्हा रत्ना एकदा म्हणाली, "आता तुम्हाला सगळेच वार सुट्टीचे. तरी तुमचे मित्र गुरुवारीच कसे येतात हो?" तिला मी काहीच सांगितलेलं नव्हतं. मी पेपरात डोकं घातलं. त्यातच तिला उत्तर मिळालं असावं, कारण नंतर तिनं त्याला साधं चहालाही कधी विचारलं नाही.

आई गेली तो मंगळवार होता. हऱ्या धावत आला. तिरडी त्यानं बांधली, खांदा दिला, उन्हातून शेवटपर्यंत खांदा बदलू दिला नाही. स्मशानातून आलो तेव्हा शेजारच्यांनी कडू घासाचं पिठलं-भात आणून ठेवलं होतं. सगळे बसले. हऱ्यासमोर पत्रावळ आली आणि तो सवयीनं बोलून गेला, "माझा उपवास आहे." खोलीत पंधरा माणसं होती. मी म्हटलं, "हऱ्या, आज मंगळवार आहे." त्यानं पत्रावळ पुढं सरकवली. मी आवाज चढवला. "जिला खांदा दिलास तिच्या घरचा घास तुझ्या घशाखाली उतरत नाही? तीस वर्षं माझ्या आईनं तुला सालीतलं केळं दिलं. का दिलं, कळलं नाही होय रे तुला?" तो उठला. चपला न घालता गेला. त्या चपला रत्नानं दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीच्या हाती कोळीवाड्यात पाठवल्या. पुढची चार वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

दरम्यान आमच्या कारखान्याच्या जागेवर टॉवर उभे राहिले. मुलांच्या पिढीचं बरं आहे असं मी तेव्हा म्हणायचो. माझी मुलगी आणि हऱ्याचा मुलगा एकाच ऑफिसात होते, मोबाइलवरून मागवलेलं एकाच डब्यातलं खायचे, आणि आमचं भांडण त्यांना जुन्या सिनेमासारखं वाटायचं. मग एके दुपारी हऱ्याचा फोन आला. आवाज फाटलेला. मुलाला त्याच टॉवरमध्ये भाड्यानं घर हवं होतं. दलालानं गोड बोलून विचारलं, घरात मासे करणार का? आणि आडनाव ऐकून म्हणाला, तुमच्या लोकांना सोसायटी देत नाही, वास येतो. "माझ्या मशीनच्या जागेवर उभं राहून बोलला रे, साला." मग आवाज खाली आणला. "गौत्या... तुला असंच वाटायचं काय रे?" खरं सांगतो, मला आनंद झाला. हलकट आनंद. मी म्हटलं, "कशाबद्दल बोलतोयस?" मला त्याच्या तोंडून ते ऐकायचं होतं. त्यानं फोन ठेवला. मी परत लावला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी कळलं, त्याला अन्ननलिकेचा कॅन्सर आहे. मी हॉस्पिटलात जायला निघायचो आणि नाक्यावरून परत यायचो. शेवटी तोच आला. रविवारी सकाळी, रिक्षानं, मुलाच्या आधारानं. मुलाला त्यानं खालीच थांबवलं. लिफ्ट असलेल्या आमच्या नव्या घरात तो पहिल्यांदाच येत होता. अर्धा झाला होता. खुर्चीवर बसला आणि रत्नाला म्हणाला, "वहिनी, जेवायला वाढा." रत्ना माझ्याकडे बघायला लागली. आणि माझ्या तोंडून जे गेलं ते मी आता कुठं फेडू? मी म्हटलं, "आज उपवास नाही वाटतं?" तो म्हणाला, "आहे ना. तोच सोडायला आलोय." मला ते नाटक वाटलं.

त्याला घट्ट काही गिळता येत नव्हतं. रत्नानं येसराची आमटी केली, कपड्यातून गाळली आणि वाटीत दिली. वाटीवर आईचं नाव कोरलेलं होतं. ते त्यानं बोटानं चाचपलं. पहिला चमचा घशात अडकला. त्याला घाम फुटला, मानेच्या शिरा वर आल्या. मी "राहू दे" म्हटलं तर हातानंच गप्प बस म्हणाला. दुसरा चमचा... तिसरा. अर्धी वाटी संपवायला त्याला पाऊण तास लागला. शेवटी तो म्हणाला, "मावशीची अशीच असायची?" मी म्हटलं, "तुला काय सांगू? तू कुठं कधी चाखलीस." तो हसला. हसताना त्याला खूप दुखलं, ते मला दिसलं. जाताना म्हणाला, "येतो रे." तीन आठवड्यांनी तो गेला. बुधवार होता. रत्नाला मी तेच सांगितलं.

बाराव्याला गेलो तेव्हा कुंदावहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. "भावजी, तुमच्या घरी त्यांनी खाल्लं ना? खरं सांगा. मला म्हणाले होते, पण तुमच्याकडून ऐकायचंय." मी अर्धी वाटी म्हटलं. त्या रडायला लागल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. घरात गावदेवीची पालखी उचलायचा मान. तो बाटू नये म्हणून आयेनं हऱ्याला देवीची शपथ घातली होती की त्या पोराला घरी आण, पोटभर जेवू घाल, पण त्याच्या चुलीवरचं खाऊ नकोस. मला वाढणारी, लाजतंस कनाला म्हणणारी तीच आये. त्या पहिल्या गुरुवारी हऱ्या आमच्याकडून घरी गेला आणि जेवला नाही. "मला लग्नानंतर सांगितलं त्यांनी. म्हणाले, देवाचं नाव घेऊन त्या माउलीशी खोटं बोललो. आता निदान ते खोटं तरी राहायला नको. तेव्हापासून दर गुरुवारी फक्त पाणी आणि एक केळं. तुमच्याकडे आले तर तुमच्या घरचं, नाहीतर नाक्यावरचं. कोळीवाड्यात सगळे हसायचे, कोळ्याचा पोर बामण झाला म्हणायचे. तुमच्या कानावर मात्र जाऊ दिलं नाही त्यांनी. ताप असू दे, सण असू दे, एक गुरुवार मोडला नाही. तुमच्याकडून आले त्या रविवारी म्हणाले, कुंदा, सुटला उपवास."

मी तिथून उठलो आणि खाडीच्या बांधावर जाऊन बसलो. मला रडू आलं, आणि रडतारडता संतापही आला. त्या माणसाला आयुष्यभर गुरुवारी उपाशी राहणं जमलं, पण माझ्या आईसमोर बसून एक भाकरी मोडणं जमलं नाही. ती जिवंत असताना एकदा, फक्त एकदा तो जेवला असता तर तिचे डोळे निवले असते. उपासानं त्याचं मन धुतलं गेलं असेल. आईचं ताट मात्र तसंच परत गेलं. हे मी त्याला माफ करत नाही. आणि माझं काय? मी त्याला खोटारडा समजत राहिलो, आणि तो खोटं खरं करण्यात जन्म घालवत होता. एकदा तोंड उघडून विचारलं असतं तर... आम्ही दोघंही मानी, आणि दोघंही भित्रे. मी देव मानत नाही, उपवास तर मुळीच नाही. पण स्वतःशी केलेला करार एवढा कडक पाळणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही, हेही लिहायला हवं.

आमच्या घरात बुधवारी संध्याकाळी केळी आणायची सवय आहे. आई असल्यापासूनची. चार वर्षांच्या अबोल्यातही ती मोडली नव्हती, आणि का आणतो हे एकमेकांना आम्ही कधी विचारलं नव्हतं. परवा गुरुवारी सकाळी टेबलावर केळी होती. मी आईच्या नावाची वाटी काढली, एक केळं घेतलं, सोललं आणि वाटीत ठेवून ती त्याच्या खुर्चीसमोर सरकवली. आमच्यात नैवेद्य नसतो, गेलेल्यासाठी घास काढून ठेवणंही नसतं. रत्ना बघत होती.

"सोलून ठेवलं की काळं पडतं हो," ती म्हणाली.

"पडू दे," मी म्हटलं. "सालीतलं त्यानं खूप खाल्लं."