निळा अंगठा

हातपंपाजवळच्या दगडावर सुमनबाई अंगठा घासत होत्या. शाई काही निघत नव्हती. सर्पदंशावरची आमची बैठक नुकतीच संपली होती आणि वीस जणींच्या अंगठ्यांचं रजिस्टर माझ्या पिशवीत होतं.

हा वीसचा आकडा माझाच. आरोग्य केंद्रातल्या टीमसमोर मीच फळ्यावर लिहिलं होतं, प्रत्येकानं महिन्याला दोन गावं, गावाला वीस माणसं. "मोजता येईल तेच खरं काम," असंही ऐटीत म्हणालो होतो. तेव्हापासून आमच्या बैठका अंगठ्यांनीच सुरू होतात. आजही आधी अंगठे झाले, मग फोटो निघाला, आणि सापांची चित्रं दाखवून माहिती दोन मिनिटांत उरकली.

अंगठा देणारी बाई खरं तर सांगत असते, 'मला कळलं.' ती खूण मी त्यांना काही कळण्याआधीच घेऊन ठेवली होती.

सुमनबाईंनी हात झटकले आणि सहज विचारलं, "साहेब, पोरीला पान लागलं तर दोरी करकचून बांधायची ना?"

मी घाईनं म्हणालो, "नाही हो. साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही. पाय हलू न देता तडक दवाखान्यात आणायचं."

"अगं बाई! मग हे मघाशीच सांगायचं ना," त्या म्हणाल्या. "बाकीच्या गेल्या की रानात."

रानाकडची पायवाट रिकामी होती. त्या एकोणीस जणी माझ्या पिशवीत होत्या, गावाचं उद्दिष्ट पूर्ण करून.