निळं घर

माझ्या मावशीच्या नखांत बारा महिने रंग असायचा. पाहुणे आले की आई तिला हात मागे घ्यायला सांगायची आणि ती मुद्दाम पुढे करायची. एका छापखान्यामागच्या दोन खोल्यांत तिने एकोणतीस वर्षं लहान मुलांचा वर्ग चालवला. "नुसती खेळतातच की, शिकतात कधी?" असं कुणी आईबाप बोलले की ती त्यांना ठोकळ्यांपाशी बसवायची. मनोरा सात वेळा कोसळला की पोर आठव्यांदा मोठा ठोकळा खाली ठेवतं, हे त्यांना डोळ्यांनी बघायला लावायची. तिचा नियम एकच: मुलाच्या चित्राला मोठ्या माणसाचा हात लागता कामा नये. एका वडिलांनी लेकाच्या सूर्याला किरणं काढून दिली, तर तिने त्यांना सगळ्यांदेखत झाडलं. जीभ तिखटच होती तिची.

तो नियम एकदा तिनेच मोडला.

शेवटच्या वर्षी वर्गात चार वर्षांची एक मुलगी आली. वडील आजारपणात गेले तेव्हापासून तिच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. तिची आई शिवणकारखान्यात जायची, काळजीने अर्धी झाली होती. "बोलेल," मावशी तिला सांगायची, "आधी खेळू दे, रंगवू दे." मुलगी रोज एक निळं घर रंगवायची, आत तीन माणसं काढायची आणि मग सगळा कागद काळ्या रंगाने भरून टाकायची. चार महिने हेच. मावशी शेजारी बसून राहायची, काही विचारायची नाही.

पालकांना चित्रं दाखवायचा दिवस जवळ आला. वर्ग ज्या संस्थेचा होता, तिच्या संचालिकाबाई म्हणाल्या, "हे काळे कागद नकोत हो भिंतीवर. बघवत नाहीत." एरवी मावशी भांडली असती. पण त्या आईला एकदा तरी लेकीचं घर दिसावं, असं तिच्या मनात आलं. मुलगी काळ्या रंगाची वाटी आणायला उठली, तेवढ्यात मावशीने कागद उचलला आणि वाळत लावला. मुलगी परत आली, वाटी धरून थोडा वेळ उभी राहिली, मग खिडकीशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी आई ते घर बघून हरखली. लेकीला कडेवर घेऊन भिंतीपाशी गेली. आणि मुलगी बोलली, अगदी स्पष्ट.

"अजून रात्र नाही झाली. बाबा झोपायचे राहिलेत."

आई तिथेच खाली बसली. मावशीने कागद उतरवला, काळ्या रंगाची वाटी आणि ब्रश मुलीपुढे ठेवला. मुलीने ब्रश घेतला नाही. नंतरही कधी घेतला नाही, आणि बोलली ती तेवढंच. महिन्याभरात आई तिला घेऊन गाव सोडून गेली.

"मी काळं म्हणजे दुःख धरून चालले," मावशी मला म्हणाली. "ती रोज त्याला झोपवत होती गं. एकोणतीस वर्षं घालवून मला एवढं कळू नये."

तो कागद तिच्या कपाटाच्या दाराला आतून लावलेला आहे. गेल्या खेपेला मी वैतागून म्हणाले, "मग तूच काळा रंग दे ना त्याला. सुटशील एकदाची."

ती आपल्या हातांकडे बघत राहिली. नखं आता स्वच्छ असतात.

"माझा हात लागून चालायचं नाही," ती म्हणाली आणि तिने कपाट लावून घेतलं.