आमच्याकडचा शास्त्रज्ञ

टीव्हीवरच्या विनोदी कार्टूनमध्ये शास्त्रज्ञ ओळखणं सोपं. केस विंचरलेले नसतात, पायांत दोन रंगांचे मोजे असतात आणि दर दहा मिनिटांनी त्याची प्रयोगशाळा उडते. असल्याच एका बावळटाला मराठीत आवाज द्यायचं काम मला मिळालं. सांगलीच्या घरात, भिंतींना गोधड्या टांगून मी रेकॉर्डिंग करायचो आणि पुण्याचा दिग्दर्शक फोनवरून अक्कल शिकवायचा.

“फार शुद्ध होतंय हो. जरा तुमच्याकडचं टाका ना. लय, न्हाई, व्हय! शास्त्रज्ञ असा बोलला की मजा येईल.”

म्हणजे विनोद लिहायचे कष्ट नकोत. शास्त्रज्ञाच्या तोंडी आमची बोली घातली की लोक आपोआप हसतील, हा या महाशयांचा शोध. महाबळेश्वरच्या पुढे, आमच्या सांगलीकडे, काही असतं, हेही त्यांना ठाऊक नसावं. मी ताडकन फोन ठेवायला हवा होता. मी “हो सर” म्हणालो.

आणि आवाज उचलला तो माझ्या वडिलांचा. अण्णांनी शिराळ्याकडच्या एका शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, ते याच बोलीत. घरीदारी त्यांनी दुसरी भाषा वापरली नाही. नागपंचमीच्या आदल्या दिवशी वर्गात खणखणीत सांगायचे, “नाग दूध पीत न्हाई. त्येला त्ये पचतच न्हाई.” त्यापायी गावातल्या जाणत्यांनी अबोला धरला, तरी सांगायचे. असा माणूस मी त्या बिनडोक चित्राच्या तोंडात कोंबला. दिग्दर्शक खूश. “वा! कुठून आणता हो हे?” मी सांगितलं नाही.

तो भाग लागला तेव्हा मी गावी होतो. अण्णा कौतुकानं टीव्हीपुढे बसले. पडद्यावर शास्त्रज्ञानं रिकामा पेला पालथा करून बादलीत दाबला आणि विचारलं, “हवा दिसत न्हाई म्हून ती नसती व्हय?” अण्णांचं वर्गातलं वाक्य, जसंच्या तसं. मागून रेकॉर्ड केलेला हशा आला. स्फोट अजून व्हायचा होता.

“प्रयोग तर बरूबर हाय,” अण्णा म्हणाले. “मग ही हसत्यात कशाला रं?”

“त्याच्या केसांना,” मी म्हणालो. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

अण्णा बघत राहिले. शास्त्रज्ञ ‘लय’ म्हणाला, हशा. ‘व्हय’ म्हणाला, हशा. मग ते उठून अंगणात गेले.

तेव्हापासून ते माझ्याशी जपून बोलतात. रागावले असते तर बरं झालं असतं. परवा फोनवर मी मुद्दामच म्हणालो, “अण्णा, लय दिस झालं. बरं हाय न्हवं?”

पलीकडून एकेक शब्द निवडत ते म्हणाले, “हो. मी बरा आहे. काळजी करू नकोस.”