पत्र्यावरचा निवडुंग

राजूरच्या स्टँडवरून मी नोकरीसाठी पुण्याला निघाले तो चतुर्थीचा दिवस होता. गणपतीच्या दर्शनाला आलेल्या माणसांनी गाड्या खच्चून भरलेल्या, आणि माझ्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं निवडुंगाचं पिल्लू. शेजारची बाई अंग चोरून बसली होती. खिडकीखाली उभी राहून आई म्हणाली, "काटे घेऊन कुठं चाललीस गं? घरात नको ठेवू, भांडणं होतेत." मी एकटी राहणार होते, भांडणार कुणाशी? पण तिला रडायचं नव्हतं, म्हणून ती काट्यांवर बोलत राहिली.

ज्याचं हे पिल्लू, ते मोठं झाड मी शाळेत असताना तेलाच्या डब्यात लावलं होतं. कलिंगडासारखं गोल, धारेधारेवर काटे, बुडाशी पिल्लांचा घोळका. काटेरी झाड आमच्याकडे उंबऱ्याच्या आत येत नाही, म्हणून डबा न्हाणीच्या पत्र्यावर. कुणाला आठवण झाली तर त्याला पाणी मिळायचं. माझ्या हातून त्याला फूल म्हणून कधी आलं नाही.

पुण्यात नळाला दिवसभर पाणी. पण मी टँकरची वाट बघत वाढलेली. सकाळी बादल्या, घागर, पातेली भरून घेतल्याशिवाय मला अजूनही चहा जात नाही. नवं पाणी भरायचं तर कालचं शिळं कुठे ओतायचं? मोरीत ओतायला जीव धजत नाही. मग ते बाल्कनीतल्या कुंड्यांना. तुळस खूश, मनीप्लांट खूश, आणि निवडुंग बिचारा मुकाट्यानं पीत राहिला.

तिकडे दादाचं लग्न झालं, वडीगोद्रीची वहिनी घरात आली, पोरं झाली. मग एका वर्षी तेलाचा डबा गंजून फुटला. तिनं हाताला गोणपाट गुंडाळून झाड उचललं आणि काठ फुटलेल्या माठात लावलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याला फुलं आली. लांब देठाची, पांढरीशुभ्र, तळहाताएवढी. घरच्या ग्रुपवर फोटो आला: माठ, फुलं, आणि मागे पदर सावरत हसणारी आई. पाठोपाठ आईचा फोन. "सुनंच्या हाताला यश हाये बघ. अशी फुलं आल्ती, सारी गल्ली बघून गेली."

मी ग्रुपवर अंगठा पाठवला आणि फोन पालथा ठेवला. पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू? माझी खोली तिची झाली, माझी आई तिच्या हातचा चहा पिते, आणि आता माझ्या झाडाचं फूलही तिचं. आयत्या बिळावर नागोबा, असं मी मोठ्यानं म्हणाले. फ्लॅटमध्ये ऐकायला कोण होतं?

त्याच उन्हाळ्यात माझा निवडुंग एका बाजूला कलला. बुडाशी बोट लावलं तर बोट आत गेलं. वास सुटला होता. वहिनीला फोन केला असता तर तिनं दुसरं पिल्लू पाठवलं असतं, पण माझ्याच झाडाचं पिल्लू मी तिच्याकडे मागू? कागदाच्या पट्टीत धरून मी तो कुंडीतून उपटला आणि सुरी घेऊन बसले. चकती कापली, आत तपकिरी. आणखी कापली, तरी तपकिरी. शेवटी स्वच्छ हिरवा गर लागला तेव्हा हातात लिंबाएवढा शेंडा उरला होता. हाही गेला तर त्या घरातलं माझं म्हणावं असं काही माझ्याकडे राहणार नव्हतं.

जखम कोरडी पडेपर्यंत तो सावलीत ठेवला. मग जाड वाळूत थोडी माती मिसळून नुसता टेकवला. पाणी नाही. रोज सकाळी शिळं पाणी घेऊन मी त्याच्यापाशी थांबायचे आणि परत फिरायचे.

असंच चालू असताना वहिनीचा फोन आला. "ताई, आम्ही जालन्याला चाललो. पोरांच्या शाळेचं बघून राह्यलो. आई बी येतेत संगं. झाडाचं काय करू? तुमचं हाये म्हणून इचारते."

तुमचं हाये. इतके दिवस मी मनात तिच्याशी ज्यासाठी भांडत होते, ते तिनं सहज सांगून टाकलं.

"एक पिल्लू तू ने," मी म्हणाले. "मोठं राहू दे पत्र्यावरच."

"पन मंग पाणी कोन घालंल?"

"त्याला न्हाई लागत गं," मी म्हणाले. किती तरी दिवसांनी माझ्या तोंडून 'न्हाई' निघालं.

फोन ठेवला आणि शेंडा दोन बोटांत धरून हलकेच ओढून पाहिला. निघाला नाही. मुळं धरली होती.

घराला आता कुलूप आहे. हेवा संपला असं मी म्हणणार नाही, आई अजून वहिनीच्याच हातचा चहा पिते. पण वहिनीही आता जालन्याच्या भाड्याच्या खोल्यांत राहते, माझ्यासारखीच. आमच्यातलं घरी राहिलं ते फक्त झाड, आणि खरा हेवा वाटतो तो त्याचाच.

घर सोडून आलेल्या माणसाला नवीन ओळखीतलं कुणी ना कुणी हमखास विचारतं, गावाकडे कोण कोण असतं? मी वर्षानुवर्षं "आई असते" म्हणायचे. परवा ऑफिसात एकीनं विचारलं, आणि मी म्हणून गेले, "आमचं झाड असतं."