चंद्रकलाचं ओलं फडकं

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. पोराला नाही, भावाला नाही, देवासमोर हात जोडून उभा राहिलो तरी तिथं सुद्धा नाही. आज सांगतो. आजच का, ते विचारू नका.

मी आणि माझी बायको चंद्रकला, आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे — खेळाची मशीन साफ केली. टीव्हीला जोडायची मशीन, गाड्या पळवायचा खेळ. हसायचं तर हसा. अडुसष्ट वर्षांचा मोटार वायंडिंगचा मिस्त्री आणि त्याची बायको फरशीवर पेपर अंथरून समोरासमोर बसलेत, मधी ती काळी मशीन पोट उघडून पडलेली. मी पेचकसनं स्क्रू काढायचो, ती डब्याच्या झाकणात ठेवायची. आत एवढी धूळ, की ती म्हणाली, मशीन आहे का पिठाची गिरणी. मी पंख्याची पाती ब्रशनं झाडली. तिनं मशीनचं वरचं झाकण पुसलं. ओल्या फडक्यानं.

त्याच्यानंतरही ती स्वैपाक करायची, मी जेवायचो. पण मिळून असं काही केलं नाही. का केलं नाही, तेच सांगायचं आहे.

मशीन विलासची. विलास म्हणजे आमचा एकुलता पोरगा, पुण्याला असतो. त्यानं नवी घेतली आणि जुनी दिवाळीत इथं आणून ठेवली, उन्हाळ्यात लेकरं आली की खेळतील म्हणून. उन्हाळा आला, लेकरं आली नाहीत. त्या साली आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी, ते बी अर्धा तास. बाकी टँकर. सूनबाई म्हणाली, तिथं कसं पाठवू. तिचं चुकलं नाही. पण चंद्रकलानं त्यांच्यासाठी कुरडया करून ठेवल्या होत्या. दोन-चार दिवस गेले, आणि एका दुपारी तिनंच ती मशीन लावली. कोणतं बटण कशाला ते नातीला फोन करून विचारून घेतलं.

मग रोज. दुपारची भांडी झाली की म्हणायची, जाऊन येते — आणि टीव्हीसमोर बसायची. पिशोरची पोरगी, लग्न होऊन शहरात आली, उभ्या जन्मात सायकलवर बसली नाही. ती समुद्राच्या काठानं लाल गाडी हाणायची. हाणायची कसली! सिग्नल लागला की थांबायची. त्या खेळात कुणी थांबत नाही, ही थांबायची. सगळे हिला ओलांडून जायचे. म्हणायची, जाऊ द्या, त्यांना घाई असंल. मी दुकानातून जेवायला आलो की मला शेजारी बसवायची. "तुम्ही क्लीनर," म्हणायची. "मागं बघा कुणी येतंय का." आणि मी बघायचो. मागून ट्रक आला की सांगायचो. चाळीस वर्षांच्या संसारात आमच्यात असलं काही नव्हतं.

घरामागं तेव्हा सात मजल्यांची बिल्डिंग चालू होती, पुढं पाइपलाइनसाठी रस्ता खोदलेला. शहर वाढत होतं आणि त्याची सगळी माती आमच्या घरात येत होती. मशीनचा पंखा घरघरायला लागला. चंद्रकला म्हणाली, दम लागलाय तिला, बघा की. आणि आम्ही ती उघडली.

आता माझ्याबद्दल थोडं. मी चौथी शिकलो. पण मोटार मला कळते. दुष्काळ म्हणजे लोकांचे हाल आणि माझा सीझन, खोटं कशाला बोलू? बोअरचं पाणी खाली गेलं की मोटारी कोरड्या चालतात, जळतात, माझ्याकडं येतात. पिशोरकडून, अजिंठ्याकडून टेम्पोत घालून यायच्या. नव्या बिल्डिंगवाल्यांच्या वेगळ्या. औरंगपुऱ्याच्या मागच्या बोळात माझं दुकान, दाराबाहेर मोटारींची रांग. लोक म्हणायचे, मिस्त्रीच्या हातची मोटार परत येत नाही.

येत होती. का नाही येणार? कधी तार हलकी लागते, कधी घाईत वार्निश नीट वाळत नाही. पण मोटार परत आली की ती उघडायच्या आधीच मी म्हणायचो, कोरडी चालवली तुम्ही. माणूस गप्प. कारण दुष्काळात प्रत्येकानं कधी ना कधी कोरडी चालवलेलीच असते. हे वाक्य मला माझ्या उस्तादानं शिकवलं, तार गुंडाळायला शिकवायच्या आधी. सगळा बाजार असंच बोलतो. मी बी बोललो, पस्तीस वर्षं बोललो. त्याची मला लाज वाटत नाही. मी दुसरंच सांगायला बसलोय.

तर मशीन. पंख्याच्या बाजूला धातूचा जाड ठोकळा होता, तो मी काढला. त्याच्या खाली करडा लेप, वाळून पापड झालेला. मला काय वाटलं? जुनं ग्रीस वाळलं. बेअरिंगचं वाळतंच. रॉकेलच्या चिंधीनं खरवडून काढलं आणि कुलरच्या मोटारीला लावतो ते पिवळं ग्रीस बोटानं थापलं. चांगलं भरपूर. चंद्रकला बघत होती. म्हणाली, "हे लावायचं असतं का ओ इथं?"

मी म्हणालो, तू झाकण पूस.

मशीन चालू झाली. पंख्याचा आवाज सुद्धा नाही. ती खूश. जाऊन येते म्हणाली, आणि वीस मिनिटांत — टक. पडदा काळा. मशीनवर लाल दिवा लुकलुकतोय.

परत लावली, चालली. अर्ध्या तासानं बंद. दुसऱ्या दिवशी दहाच मिनिटं. कधी तासभर, कधी बसल्या बसल्या. नेम नाही. मी प्लगचा बोर्ड बदलला. पिन घासली. व्होल्टेज कमी असंल म्हणून स्टॅबिलायझर लावला. कपाटातून काढून स्टुलावर ठेवली, कुलरच्या वाऱ्यात ठेवली. ती दर वेळी आशेनं बसायची आणि दर वेळी टक. म्हणायची, मिस्त्री, तुमची गाडी लई नखऱ्याची.

चौथ्या दिवशी ध्यानात आलं — सकाळी गारव्याला जास्त चालते, दुपारी कमी. मोटारीवर ठेवतो तसा मी तिच्यावर तळहात ठेवला. आणि वास आला. तापलेल्या ग्रीसचा वास मला झोपेत बी कळंल. चंद्रकला देवळात गेली होती तेवढ्यात मशीन उघडली. ग्रीस पातळ होऊन वाहून गेलेलं. उष्णतेला वाट नव्हती, म्हणून मशीन जीव वाचवायला आपोआप बंद पडत होती.

औरंगपुऱ्यातल्या एका कॉम्प्युटरवाल्याला जाऊन विचारलं. एका गिऱ्हाइकाचं आहे, असं सांगून. तो म्हणाला, तिथं पेस्ट असते, चिपची उष्णता ती वर नेते, काढली की नवी लावायची. मी म्हणालो, अन् ग्रीस लावलं तर?

"कौन अनाडी लगाया ग्रीस, चाचा?" असं म्हणून तो हसायला लागला. दुकानातली बाकीची माणसं बी हसली. मी पण हसलो. पेस्टची बोटाएवढी ट्यूब घेतली, खिशात घातली आणि घरी आलो.

तुम्हाला वाटेल, ट्यूब लावली, संपलं. होतंच तेवढं. पंधरा मिनिटांचं काम.

दारातच तिनं विचारलं, कळलं का काय झालं ते? आणि माझ्या तोंडातून — विचार करून बोललो नाही मी, पण विचार केला असता तरी तेच बोललो असतो —

"तू ओलं फडकं मारलं. पाणी गेलं आत. जळाली."

पस्तीस वर्षं गिऱ्हाइकाला सांगत आलो, ते घरात आणलं. फडकं तिनं मारलंच होतं ना? म्हणजे ती गप्प बसणार. ती एवढंच म्हणाली, पिळून घेतलं होतं हो. मी म्हणालो, पाणी ते पाणी. तिनं हात पदराला पुसले. कोरडेच होते.

ट्यूब मी हत्यारांच्या डब्यात तळाला टाकली. मिस्त्री एकदा जळाली म्हणाला की ती जळालेलीच राहिली पाहिजे. नाहीतर उद्या चालली कशी, हे कुणीतरी विचारतंच.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? मला ठाऊक आहे. ती रागावली नसती. पोट धरून हसली असती. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला सांगून आली असती की आमच्या मिस्त्रीनं मशीनला कुलरचं ग्रीस थापलं. ते हसणं मला नको होतं. बस. दुसरं कारण नाही. एवढ्याशासाठी? व्हय, एवढ्याशासाठी. तुम्ही कशाकशासाठी खोटं बोललात ते आधी आठवा, मग मला विचारा.

संध्याकाळी तिनंच विलासला फोन लावला. माझ्या हातनं तुझी मशीन गेली रे, म्हणाली. तो कामावरून दमून आलेला असंल. म्हणाला, आई, कळत नाही तर हात कशाला लावायचा? फोन स्पीकरवर होता. मी चहा पीत होतो. चहा पूर्ण प्यालो.

त्याच्यानंतर ती विचारायला लागली. कुलर लावू का? मिक्सर फिरवू का? टाकीची मोटार चालू करू का? टँकर आला की पाइप धरायला मला हाक मारायची — जी बाई टँकरवाल्याशी भांडून दोन बादल्या जास्त घ्यायची ती. चाळीस वर्षं ते घर तिनं चालवलं होतं. दुपारी भांडी झाली की भिंतीला टेकून बसायची. मशीनवर एक धुतलेला टॉवेल घालून ठेवला होता, त्याला ती हात लावत नव्हती. झाडताना सुद्धा.

आणि मला काय वाटलं? खरं सांगतो. पहिले आठ दिवस बरं वाटलं. बायको विचारून करते म्हणून. पुढं बरं वाटायचं थांबलं, पण तोंड मी उघडलं नाही. डबा तिथंच, ट्यूब तिथंच, मी तिथंच.

वीसेक दिवस असे गेले. मग एका दुपारी तिच्या छातीत कळ आली. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मोठा झटका आहे, म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जरा बोलायला लागली. मला जवळ बोलावलं. वाटलं, दागिन्यांचं काही सांगंल, नाहीतर विलासचं. ती म्हणाली,

"ओ, त्या मशीनचं मनात ठेवू नका. मला खरंच कळलं नाही पाण्याचं."

आता? आता तरी? शेजारच्या खाटेवरचा माणूस झोपलेला. नर्स लांब. तिचा हात माझ्या हातात. चार शब्द बोलायचे होते. माझी जीभ काही गेलेली नव्हती. मी बोललो की.

"असू दे," मी म्हणालो. "मी माफ केलं तुला."

माझ्या चुकीची माफी मी तिला दिली. आणि तिला बरं वाटलं. चेहऱ्यावर दिसलं मला ते. डोळे मिटून पडली.

ग्रीस लावलं ती चूक. फडक्याचं बोललो ते खोटं. पण हे जे मी दवाखान्यात केलं त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. चौथीपर्यंत शिकवत नाहीत. शेजारपाजारची माणसं म्हणतात, मावशी शांत गेल्या. गेली शांत. कशानं शांत गेली ते मला ठाऊक आहे. तिनं वरून माफ केलं असंल, असलं मला सांगू नका. माफी कशी देतात ते मी बघितलंय, मी स्वतः दिलीय. एवढ्याशा खेळण्याचं काय घेऊन बसलात, असं बी म्हणू नका. आयुष्यात ती एकदा गाडी चालवायला बसली होती आणि मी तिला उतरवलं. दया येत असंल तर ती तुमच्याजवळ ठेवा.

माफ केलं म्हणालो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ती गेली. दुपारी विलास पोचला. अंधार पडायच्या आत सगळं उरकलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं होतं. मी हत्यारांचा डबा काढला. चंद्रकलाची बहीण म्हणाली, भावजी, सुतक आहे, आज कशाला? मी मशीनजवळ बसलो. टॉवेल काढला, मशीन उघडली. राहिलेलं ग्रीस पेट्रोलनं पुसलं, तळातून ट्यूब काढली, तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावली, ठोकळा बसवला. पंधरा मिनिटं लागली. टीव्हीला जोडली आणि बघत बसलो. दहा मिनिटं. अर्धा तास. तास. समुद्राचा रस्ता, त्यावर लाल गाडी उभी. बंद पडेना.

विलास मागं येऊन उभा राहिला होता. कधीपासून, माहीत नाही. रडत होता. मावशीला, काकाला सांगायला लागला — आईच्या हातनं जळाली होती, बघा, आबांनी तिच्यासाठी चालू केली. सगळे माझ्या हातांकडं बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, मिस्त्रीचा हात आहे तो. विलास माझ्याजवळ खाली बसला.

"आबा, हिला नेमकं काय झालं होतं?"

मी पेचकस पुसला, डब्यात ठेवला.

"आत पाणी गेलं होतं," मी म्हणालो. "आता वाळलं."