टँकरच्या वेबसाइटवरचे माझे शेरे

त्या उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि शहर तरीही बायपासपलीकडे वाढत होतं. मी लष्करी छावणीजवळच्या एका लहान ऑफिसात वेबसाइट बनवायचे. आम्ही तिघंच: सर, मी आणि नवा आलेला सहकारी. तो पैठणकडचा, माझ्यापेक्षा मोठा, तरी मला मॅडम म्हणायचा.

एका टँकरवाल्यासाठी त्यानं वेबसाइट केली होती. लोकांनी पत्ता टाकायचा, टँकर मागवायचा.

सर मला म्हणाले, "कोड तू तपास. तुझे शेरे बघून त्याला ठेवायचं की नाही ते ठरवतो."

मला समोरासमोर बोलणं जमत नाही. लिहिताना, तेही इंग्रजीत, मी वेगळीच होते. 'हे कशासाठी?' 'अनावश्यक.' 'पुन्हा लिहा.' वीसेक शेरे लिहिले. सगळ्यात कडक शेरा एका यादीवर होता. टाकीमागची गल्ली, पिवळ्या मंदिरासमोरचे प्लॉट, अशा खुणा त्यानं ड्रायव्हरांसोबत फिरून गोळा केल्या होत्या आणि थेट कोडमध्ये लिहिल्या होत्या. हे नवशिक्याचं काम आहे, काढून टाका, पत्ता आणि पिनकोड पुरे, असं मी लिहिलं. त्यानं यादी काढली. तशीच वेबसाइट सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी टँकरवाल्याचा फोन आला. नव्या प्लॉटिंगला ना घरनंबर, ना रस्त्याला नाव. एका वस्तीतल्या बायका सकाळपासून ड्रम मांडून उन्हात बसल्या होत्या, आणि त्यांचा टँकर भलत्याच वस्तीत रिकामा झाला होता.

"ड्रायव्हरांच्या खुणा कुणी काढून टाकल्या?" सरांनी विचारलं. माझे शेरे त्यांनी अजून वाचलेच नव्हते.

"मी काढल्या, सर."

"मग तुझं इथं अवघड आहे."

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हणाले, "मी सांगितलं होतं काढायला."

"काय?" सरांना ऐकूच गेलं नव्हतं. पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा ते जास्त जड गेलं.

सर बाहेर गेल्यावर मी त्याला विचारलं, "तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुमचं इंग्रजी उलगडायलाच दोन दिवस गेले, मॅडम. उलगडलं तवा वाटलं, एवढं ठासून लिहिलंय म्हंजे बरोबरच असंल." मग थोडं हसून म्हणाला, "अन् भांडायचं तरी कोणत्या भाषेत?"

मी यादी परत टाकायला घेतली. तो शेजारी येऊन उभा राहिला.

"थांबा. तुमचं बी खोटं नव्हतं. यादी कोडमध्ये नको. उद्या नवी वस्ती झाली की परत आपल्यालाच हात लावावा लागंल. वेगळ्या पानावर ठेवा, ड्रायव्हर स्वतः भरतील. पण यादीच नको, असं नाय."

माझ्या कामावर कुणी असं, माझ्या शेजारी उभं राहून, बोललं नव्हतं. मी त्यानं सांगितलं तसं केलं.

सरांनी त्याला कायम केलं नाही, आणखी एक महिना दिला. त्या महिन्यात मी त्याच्या कोडवर एकही शेरा लिहिला नाही. खुर्ची ओढून शेजारी बसायचे आणि एरवी इंग्रजीत लिहिलं असतं ते जमेल तशा मराठीत सांगायचे. कधी शब्द सापडायला फार वेळ लागायचा. तो स्क्रीनकडे बघत थांबायचा.