जाळात शुद्ध केलेला चुंबक

सरांनी चुंबकाला दोरा बांधला. हातभर लांब. दोऱ्याचं टोक आपल्या बोटात धरलं आणि चुंबक माझ्या बायकोच्या पायापाशी सोडला.

ती वर्गाच्या उंबऱ्याबाहेर उभी होती. मी शाळेचा झाडूवाला, मला भाकरी घेऊन आली होती. सर म्हणाले, "ये गं, पुढं ये. भिऊ नको, पोरांना शिकवायचंय." तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. जा म्हणून. ती मान मीच हलवली, हे आधीच लिहून ठेवतो.

चुंबक नालासारखा वाकडा, लाल रंगाचा. जरा डुलला आणि टक्कन तिच्या जोडव्याला चिकटला.

वर्ग हसला. सर दोरा वर ओढायला लागले. गळाला मासा लागल्यावर ओढतात तसा. तिचा पाय उचलला गेला. ती एका पायावर. तोल जायला लागला तरी दाराच्या चौकटीला हात लावायची सोय न्हाय. आमी मांग. चौकट बाटली असती. मग तिनं आपलाच पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला, जसं काय पदरच तिला उभं करणार होता.

"काय गं, जोडवी कशाची?"

"चांदीची हायती जी."

"पोरांनो, चांदीला चुंबक चिकटतो का?"

"नाही सरऽऽ!"

"मग ही कशाची?"

"लोखंडाचीऽऽ!"

"नवऱ्यानं फसवलं की गं तुला," सर म्हणाले.

तिनं पाय झटकला. चुंबक सुटला. ती भाकरीचं फडकं तिथंच पायरीवर ठेवून चालती झाली. पळाली न्हाय. चालत गेली. मला तिची पाठ दिसत होती.

सर पुढं शिकवायला लागले. पदार्थ तीन तऱ्हेचे. एक चुंबकाकडं जोरात ओढले जातात. लोखंड, निकेल, कोबाल्ट. दुसरे ओढले जातात, पण इतके थोडे की कळत सुद्धा न्हाय. तिसरे उलटे, चुंबक जवळ आणला की किंचित लांब सरकतात.

मागच्या बाकावरून एक पोरगं ओरडलं, "सर, मग मांग तिसरे!"

पोरं बाक बडवून हसली. सर त्याला रागावले न्हायत. रुमालानं तोंड पुसत पुसत सर बी हसले.

ही गोष्ट कळंबच्या शाळेतली. एकसष्ट का बासष्ट साल. निजाम गेला, शाळा उर्दूची मराठी झाली, शिवाशिव बंद असा सरकारी कायदा झाला. आमाला वाटलं आता आपलं बी बरं होईल. मी तिथं झाडूवाला. कच्चा. सर शिफारस करणार, मग मी पक्का होणार, असं दोन वर्षं चाललं होतं. त्या एका कागदासाठी मी सरांपुढं वाकून वाकून कंबर मोडून घेतली होती.

मी तिसरीपर्यंत शिकलो. पण विज्ञानाच्या वर्गामागं झाडायला लागलो की खिडकीतून सगळं ऐकू यायचं. चुंबकाला दोन टोकं, एक उत्तर, एक दक्षिण. सारखी टोकं एकमेकाला ढकलतात. मधून तोडला तर दोन चुंबक होतात, एकटं टोक कधी मिळत न्हाय. नरम लोखंड चुंबकापाशी आहे तोवर चुंबक, बाजूला काढलं की पुन्हा साधं लोखंड. पोलाद मात्र जोर धरून ठेवतं. आणि चुंबक आपटू नये, ठोकू नये, तापवू नये. लाल होईपर्यंत तापवला तर त्याचा जोर जातो. हे सर लई छान शिकवायचे. खोटं कशाला बोलू? आवाज चांगला होता त्यांचा.

आता जोडव्यांचं. ती सोनारीच्या जत्रेत घेतली. लोखंडाची, वर कल्हईचा पातळ हात. मला माहीत होतं. तिला म्हणलो, चांदीची हायती. नवी नवरी होती. तिनं सगळ्या मांगवाड्यात पाय पुढं करून करून दाखवली. मी गप बसलो. पुढं खरी करून देऊ म्हणलं. राहून गेलं. म्हणजे फसवलं मीच. सर तेवढं खरं बोलले. पण ते आमच्या दोघांतलं होतं. दोऱ्यानं ओढून काढायचं न्हवतं.

त्या दिवशी घरी गेलो. ती म्हणाली, "मला सांगितलं असतं तर लोखंडाची बी घातली असती की." एवढंच. मग पंधरा दिवस बोलली न्हाय. जोडवी तिनं काढली न्हाईत, कारण नवरा जिता असताना काढत न्हाईत. माझ्यावर माया म्हणून न्हाय.

दुसऱ्या दिवशी मी पटांगण झाडत होतो. शाळेचा पाणी भरणारा शिपाई शेगडी फुलवत बसलेला. कोळसे लाल. फुंकणीनं फुंकतोय. सर शेजारी उभे, हात पाठीमागं. शेगडीत बघितलं तर चुंबक. बाटलेलं पितळेचं भांडं जाळातून काढून घेतात, तसा चुंबक काढायला घेतला होता. मांगिणीच्या पायाला लागला ना.

लाल रंग जळून काळा धूर निघाला. मग चुंबक स्वतःच लाल झाला, निखाऱ्यासारखा. शिपायानं सांडशीनं उचलला आणि गोमूत्राच्या तांब्यात बुडवला. चर्र आवाज झाला. घाण वास सुटला.

मी झाडू धरून उभा. माझ्या ओठावर आलं होतं, सर, तापवला की जातो ना? पण बोललो न्हाय. म्हणलं, एवढा शिकलेला माणूस, ह्यांना माहीत न्हाय का? आणि खरं सांगू का, आतून मला बरं वाटलं. जळू दे, म्हणलं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी तपासणीला डिप्टी साहेब आले. सरांनी चुंबकाला नवा रंग दिला होता. टेबलावर टाचण्यांचा ढीग. मी खिडकीमागं. सर म्हणाले, "आता बघा साहेब." चुंबक टाचण्यांत घातला, वर उचलला.

एक टाचणी न्हाय.

पुन्हा घातला. न्हाय. सरांनी चुंबक उलटा केला, धोतराला पुसला, पुन्हा घातला. पोरं आता हसत न्हवती. साहेबांनी घड्याळ बघितलं.

सर म्हणाले, "साहेब, तो झाडूवाला मांग. त्यानं परवा खाली पाडला. यांच्या हाताला काय लागतंय, त्याचं वाटोळंच होतंय."

पडल्यानं बी चुंबकाचा जोर कमी होतो, हे खरं आहे. सर खोटं सुद्धा हुशारीनं बोलत होते.

मला हेडमास्तरांच्या खोलीच्या दाराशी बोलावलं. आत न्हाय, दाराशी. आत डिप्टी साहेब, हेडमास्तर आणि सर. सरांनी कागद लिहूनच ठेवला होता. माझ्या हातून चुंबक पडून निकामी झाला, मी माफी मागतो, असा. सरांनी कागद आणि टाक जमिनीवर टाकला. हातात देत न्हवते.

"सही कर. तुझं पक्कं व्हायचं मी बघतो."

मी खाली बसलो. टाक उचलला. मला सही येत होती. त्याआधी बी मी असल्या सह्या केल्या होत्या. फुटलेल्या काचेची, हरवलेल्या घंटेची. मी न केलेल्या गोष्टींच्या. आणखी एक केली असती तर पक्का झालो असतो. जन्माची भाकरी त्या एका सहीत होती.

पण ह्या वेळी एक गोष्ट वेगळी होती. ह्या वेळी मला कारण माहीत होतं. चुंबक कशानं मेला हे तिथं दोघांनाच माहीत होतं, सरांना आणि मला. सर खोटं बोलत होते, आणि ते खोटं आहे हे मला सरांनीच शिकवलं होतं.

मी टाक खाली ठेवला. उभा राहिलो.

"साहेब, म्या पाडला न्हाय. सरांनी जाळात घातला. लाल केला. तापवल्यावर चुंबकाचा जोर जातो. सरच शिकवतेत."

डिप्टी साहेब म्हणाले, "जाळात कशाला घालतील?"

"माझ्या बायकोच्या पायाला लागला म्हणून."

हेडमास्तर टेबलाकडं बघायला लागले. सरांचा चेहरा उतरला. साहेबांना सगळं कळलं. कायदा बी त्यांना माहीत होता. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. आता काही बोलतील. आता लिहितील.

साहेब म्हणाले, "हे असलं काही कागदावर यायला नको." मग हेडमास्तरांना म्हणाले, "चहा सांगा."

मला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणाले. सर पुढं हेडमास्तर झाले.

घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. ती पंधरा दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "तिथं माझं नाव घेतलं का?"

"न्हाय. बायको म्हणलो."

"नाव घ्यायचं हुतं," ती म्हणाली.

आमच्यात चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची रीत न्हवती. आता घेतो. तिचं नाव गिरजा. कळंबच्या शाळेत जिला एका पायावर उभं केलं ती गिरजा. त्यानंतर तिनं माझ्यासंगं ईट गावच्या रस्त्यावर खडी फोडली. पोटुशी असताना फोडली. बाळंत झाल्यावर फोडली. धूळ छातीत बसली ती निघालीच न्हाय. मागच्या थंडीत खोकून खोकून मेली. शेवटाला पाणी सुद्धा गिळता येत न्हवतं. मी चमचा धरून बसलो होतो.

आणि आता शाळेचा एक तरणा मास्तर घरी आला. शाळा मोठा कार्यक्रम करतेय. सरांचा फोटो लावायचा, पुस्तक काढायचं. म्हणाला, "आजोबा, त्या वेळचे तुम्हीच उरलात. सरांच्या आठवणीच्या चार चांगल्या ओळी द्या."

मी ही आठवण सांगायला लागलो. त्याला ऐकवेना. म्हणाला, "जाऊ द्या ना आजोबा. सर वारले. आता कशाला उकरायचं?"

गिरजा बी वारली. तिचा फोटो कोण लावतंय?

चार ओळी मागितल्या, ह्या इतक्या झाल्या. चांगल्या न्हाईत. ह्यातली एक गाळायची न्हाय. दोरा गाळायचा न्हाय, शेगडी गाळायची न्हाय, माझं खोटं बी गाळायचं न्हाय. मी माफ केलं असं शेवटी जोडायचं न्हाय, कारण मी केलेलं न्हाय.

छापलं न्हाय तर कार्यक्रमाच्या दिवशी मी शाळेच्या फाटकात उभा राहीन आणि वाचीन. मला जोडाक्षरं अडखळत येतात. अडखळत वाचीन. वेळ लागंल. पुरं वाचल्याशिवाय हलणार न्हाय.